धुराचा कायदा आणि गाडीचे इंजिन

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी इतिहासावरचा एक तरी लेख असतो. होळकरांचा राजवाडा, अहिल्यादेवींचे घाट, इंदुरात येऊन स्थिरावलेली जुनी मराठी घराणी, यांवर जाणकारांनी आजवर भरपूर लिहिले आहे. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि राज्य सरकारची वीस-बावीस वर्षांची नोकरी एवढीच आमची शिदोरी. तेव्हा आमच्या वाट्याला येणारा इतिहासही लोखंडाचाच असणार. यंदा आम्ही मांडत आहोत तो आपल्या सर्वांच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनाचा इतिहास.

इंजिन म्हटले की आपल्याला हुशार इंजिनीअर, मोठे कारखाने आणि कंपन्यांची स्पर्धा आठवते. ते खरेच आहे. पण गाडीचे बॉनेट उघडून आत पाहिले तर तिथला निम्मा संसार कायद्याने आणून बसवलेला दिसतो. कार्ब्युरेटर गेला तो कायद्यामुळे. सायलेन्सरच्या वाटेवर प्लॅटिनमचा डबा आला तो कायद्यामुळे. इंजिन ११९७ सीसीचेच का, गाडी चार मीटरच्या आतच का, छोट्या गाड्यांतले डिझेल एकाएकी कुठे गेले, या सगळ्यांची उत्तरे सरकारी राजपत्रात सापडतात. आणि या इतिहासात आपल्यासारख्या, महानगर नसलेल्या शहरांच्या वाट्याला काय आले, हेही बघण्यासारखे आहे.

मारुतीचे तीन सिलिंडर

सुरुवात सर्वांच्या ओळखीच्या गाडीपासून करू. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्याआधी अॅम्बॅसिडर आणि फियाट यांची चार सिलिंडरची इंजिने पाहिलेल्या आपल्याकडच्या मिस्त्रींना या गाडीचे नवल वाटले ते तीन सिलिंडरचे. तीनच का? याचे उत्तर जपानमध्ये आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान सरकारने छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग केला. लांबी, रुंदी आणि इंजिन ठरावीक मापाच्या आत असेल तर करात सवलत. इंजिनाची ही मर्यादा बरीच वर्षे ३६० सीसी होती. १९७६ मध्ये ती ५५० सीसी झाली. सुझुकीने या मर्यादेत बसेल असे ५४३ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन बनवले. निर्यातीच्या गाड्यांना ही मर्यादा लागू नव्हती, म्हणून त्याच घराण्यातले थोडे मोठे, ७९६ सीसीचे इंजिन तयार झाले. तेच आपल्या मारुती ८०० मध्ये आले. म्हणजे जपानच्या करखात्याने आखलेल्या रेषेचा परिणाम इंदूरच्या सराफ्यातून जाणाऱ्या गाडीच्या आवाजापर्यंत पोहोचला. नियम आणि इंजिन यांचे नाते असे दूरवरचे असते.

लॉस एंजेलिसचे धुके

धुराच्या कायद्याची गंगोत्री मात्र अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर पिवळसर धुके दाटू लागले. डोळे चुरचुरत, घसा खवखवे. आधी सर्वांना कारखान्यांचा संशय आला. तिथल्या हागेन-स्मिट नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिले की गाड्यांतून निघणारे अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते. गाडीवाले आणि तेल कंपन्या यांना हे पटवायला बरीच वर्षे गेली.

मग १९७० मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा मोठा कायदा झाला. मुख्य प्रदूषकांचे प्रमाण पाच-सहा वर्षांत ९० टक्के कमी करा, असे त्याने कंपन्यांना सांगितले. त्या वेळी ते कसे करायचे हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. मोठ्या कंपन्यांनी हे अशक्य आहे म्हणून हाकाटी केली. मुदती थोड्या पुढे ढकलल्या गेल्या. पण १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. आणि होंडासारख्या तेव्हाच्या छोट्या जपानी कंपनीने ज्वलनकक्षाची रचनाच बदलून, कन्व्हर्टरशिवाय, तो निकष पार करून दाखवला. मोठ्यांनी हात टेकले होते ते काम धाकट्याने केले.

एक बारीक गोष्ट इथे समजून घेतली की पुढचे सगळे सोपे जाते. कन्व्हर्टर म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा एक ठोकळा. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी वायू त्यावरून जाताना त्यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. पण तिन्ही प्रकारचे वायू एकाच वेळी शुद्ध व्हायचे तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके, म्हणजे वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, असे लागते. कार्ब्युरेटरला इतका काटेकोरपणा जमत नाही. थंडी-उन्हाळा, चढ-उतार, कचरा यांनी त्याचे माप हलते. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वोने तो अमेरिकेतल्या गाड्यांत प्रथम वापरला. सेन्सरचे ऐकून पेट्रोल कमी-जास्त करायला इलेक्ट्रॉनिक मेंदू आला, आणि त्या मेंदूच्या हुकमाने चालणारा इंजेक्टर आला. शिवाय पेट्रोलमधले शिसे कन्व्हर्टरच्या धातूंवर बसून त्यांना निकामी करते, म्हणून पेट्रोलमधून शिसेही काढावे लागले. म्हणजे धुराच्या नळीच्या तोंडाशी एक आकडा लिहिला, आणि त्यापायी इंजिनापासून रिफायनरीपर्यंत सगळेच बदलले.

आपल्याकडची निवांत वर्षे

हे सगळे चालू असताना आपण कुठे होतो? कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अॅम्बॅसिडर १४८९ सीसीचे ब्रिटिश घडणीचे इंजिन घेऊन वर्षानुवर्षे तशीच चालली होती. मुंबईच्या कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीवर. परवान्यांचे राज्य होते, गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावे लागत. स्पर्धा नव्हती आणि धुराचा नियमही नव्हता. मग इंजिन बदलायचे कशाला? ही इंजिने दुरुस्तीला सोपी होती, आणि त्यांच्यावर हात साफ केलेल्या कारागिरांच्या पिढ्या आपल्याकडे तयार झाल्या, हेही मान्य केले पाहिजे. पण इंजिनाची प्रगती म्हणाल तर घड्याळ थांबलेलेच होते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे १९८९ चे केंद्रीय नियम आले, आणि धुराला पहिल्यांदा देशभर माप लागले. उभ्या गाडीचे इंजिन मंद चालू ठेवून मोजायचे. चारचाकीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या वर नको, दुचाकी-तीनचाकीत साडेचार टक्क्यांच्या वर नको. पुढे १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांना आणि १९९२ मध्ये डिझेल गाड्यांना कारखान्यातून निघतानाच पाळायचे निकष लागले. पेट्रोल कारला दर किलोमीटरला, वजनाप्रमाणे, १४.३ ते २७.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडायची मुभा होती. आजची मर्यादा एक ग्रॅम आहे. हा फरक डोळ्यांपुढे ठेवला की चाळीस वर्षांत इंजिनाला केवढी मजल मारावी लागली ते कळते.

नव्या गाडीची ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांत आघाडीची आहे ती १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय. वेताळ टेकडीवरच्या या संस्थेने होकार दिल्याशिवाय कितीतरी गाड्या बाजारात आल्या नाहीत.

शिसे गेले, कार्ब्युरेटर गेला

खरी कलाटणी मिळाली ती न्यायालयातून. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या हवेबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या एका याचिकेतून पुढची तीस वर्षे आदेश निघत राहिले. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि तिथल्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिसे सर्व देशातून जायला मात्र २००० साल उजाडले. चार शहरांच्या मुलांना आधी, बाकीच्यांच्या मुलांना पाच वर्षांनी. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, तेव्हा या पाच वर्षांचा हिशेब किरकोळ म्हणता येत नाही.

२९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ निकष लावले. कंपन्यांनी २००५ पर्यंतची तयारी डोक्यात धरली होती, त्यांना जेमतेम वर्ष मिळाले. आणि वर्षभरात काम झालेही! मारुती ८०० सारख्या सर्वात स्वस्त गाडीतही मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन, म्हणजे 'एमपीएफआय', आले. गाडीच्या पाठीवर ही चार अक्षरे लावून लोक मिरवू लागले. कायद्याच्या धाकाने आलेली वस्तू पाहता पाहता प्रतिष्ठेची झाली.

आम्ही पॉलिटेक्निकात शिकत होतो तो हाच काळ. आमच्या पुस्तकात कार्ब्युरेटरवर लांबलचक प्रकरण होते आणि इंजेक्शनवर दीड पान. डिप्लोमा हातात पडेपर्यंत बाजारात उलटे झाले होते. आमच्या वयाच्या अनेकांनी खरे इंजिन शिकले ते नोकरी लागल्यावरच.

दुचाकींची कथाही हीच. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळते, आणि ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निघून जातो. २००० च्या निकषांनी या इंजिनांचा श्वास कोंडला. आपल्या पिथमपूरची कायनेटिक होंडा, पुण्याची चेतक, आणि आमच्या पिढीची लाडकी आरएक्स १००, ही सगळी दोन स्ट्रोकची घराणी हळूहळू चार स्ट्रोकला वाट देऊन गेली.

तेरा शहरे आणि बाकीचे आपण

२००१ मध्ये केंद्र सरकारने वाहन-इंधन धोरण ठरवण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोव्यातल्या माशेलचा हा सुपुत्र, म्हणून आपल्याला अभिमान आहेच. पण समितीचे मोठे काम असे की तिने इंधन आणि इंजिन यांचे वेळापत्रक एकत्र बांधले. गाडी सुधारायची तर डिझेलही सुधारले पाहिजे, नाहीतर कन्व्हर्टर बिघडणार. आणि कंपन्यांना, रिफायनऱ्यांना काही वर्षे आधी तारीख कळली पाहिजे. २००३ मध्ये हे धोरण मंजूर झाले. 'भारत स्टेज' निकषांची पुढची पायरी-पायरीची चढण या वेळापत्रकावरच झाली.

या वेळापत्रकात एक खोच होती. रिफायनऱ्यांना सगळ्या देशाला एकदम स्वच्छ इंधन देणे शक्य नव्हते. म्हणून आधी मोठी शहरे, मग बाकीचा देश. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आले ते १३ शहरांत. दिल्ली परिसर, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, आग्रा, लखनौ आणि सोलापूर. हैदराबादच्या आणि सोलापूरच्या मराठी मंडळींना ते मिळाले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव या यादीत नव्हते. आपल्याकडे बीएस-३.

याचा परिणाम डोळ्यांना दिसत होता. एप्रिल २०१० पासून मारुती ८०० त्या १३ शहरांत विकायची बंद झाली, कारण तिचे इंजिन बीएस-४ ला सुधारण्याचा खर्च कंपनीला परवडेना. आपल्याकडे मात्र ती पुढची तीन-चार वर्षे विकली गेली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच थांबले तेव्हा ती थांबली. आपल्याला स्वस्त गाडी मिळाली हे खरे. पण जो धूर पुण्याच्या हवेला चालत नव्हता तो इंदूरच्या हवेला चालतो, असे कागदोपत्री ठरले होते हेही तितकेच खरे.

आणि या दुहेरी व्यवस्थेने मोठ्या शहरांचेही पुरते भले झाले नाही. ट्रक एका शहरात राहत नाही. तो बाहेर नोंदवला जातो, बाहेर डिझेल भरतो आणि रात्री शहरात शिरतो. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण बीएस-४ मध्ये दशलक्षात ५० भाग होते आणि बीएस-३ मध्ये ३५०. पन्नासच्या हिशेबाने बनवलेल्या इंजिनात साडेतीनशेचे डिझेल पडले तर धूर शुद्ध करणारी यंत्रणा खराब होते. देशभर बीएस-४ यायला एप्रिल २०१७ उजाडले.

त्या वेळची गंमत अनेकांना आठवत असेल. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायची नाही, नोंदवायचीही नाही. देशभरात आठ लाखांहून अधिक गाड्या शिल्लक होत्या, त्यांत बहुतेक दुचाकी. दोन दिवस शोरूमपुढे अशा रांगा लागल्या की जणू रेशनवर साखर आली आहे. हजारोंची सूट देऊन माल उठवला गेला. नियमाची तारीख माहीत असूनही ती पुढे ढकलली जाईल, या भरवशावर राहिल्याचा तो भुर्दंड होता.

चार मीटर आणि ११९७ सीसी

इंजिन घडवणारा कायदा दर वेळी धुराचाच असतो असे नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के केले गेले. छोटी गाडी कुठली? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० सीसीच्या आत.

झाले! सगळ्या कंपन्यांच्या इंजिनांचे आकडे १२०० च्या उंबरठ्याशी येऊन थांबले. स्विफ्टचे पेट्रोल इंजिन आधी १२९८ सीसीचे होते, ते २०१० मध्ये ११९७ सीसीचे झाले. ह्युंदाईचेही ११९७. डिझायरची डिकी २०१२ मध्ये कापून गाडी ३९९५ मिलिमीटरची केली गेली. त्या आधी टाटांनी इंडिगोची अशीच छाटणी केली होती. डिकी छाटलेली ही सेडान पाहून बाहेरच्या देशांतले लोक बुचकळ्यात पडतात. आपल्याकडे ती वधूपक्षाच्या वाहनापासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे दिसते. पुढे जीएसटीतही हीच मापे राहिली. कराच्या रेषेने गाडी कशी बेतली जाते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

रांजणगावचे इंजिन

आता डिझेल. पुण्याजवळचे रांजणगाव आपल्याला महागणपतीमुळे ठाऊक आहे. अष्टविनायकाची यात्रा करणारे सगळे तिथे माथा टेकतात. त्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटच्या कारखान्यात १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. मारुतीही परवाना घेऊन ते बनवत असे. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत हेच एक इंजिन धडधडत होते. लोक कौतुकाने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत.

डिझेलचा स्वभाव असा की काजळी कमी करायला ज्वलन कडक करावे तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, आणि ती कमी करायला ज्वलन थंड करावे तर काजळी वाढते. एकीकडे ओढले की दुसरीकडे उघडे पडते. जुन्या निकषांत दोन्हींना बरीच सवलत होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर जायचे, आणि तारीख १ एप्रिल २०२०. बीएस-४ मध्ये डिझेल कारला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, ती ०.०८ झाली. काजळीची ०.०२५ वरून ०.००४५ झाली. डिझेलमधले गंधक ५० वरून १० वर आणायला रिफायनऱ्यांनी हजारो कोटी रुपये घातले.

एवढे साधायला काजळी अडवणारा फिल्टर आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पकडणारी वेगळी यंत्रणा लागते. मोठ्या, महाग गाडीत हा खर्च मुरतो. सात-आठ लाखांच्या गाडीत मुरत नाही. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, आणि २०२० मध्ये रांजणगावच्या त्या इंजिनाचा प्रवास संपला. ते इंजिन वाईट नव्हते. नव्या नियमाच्या हिशेबात ते बसत नव्हते, एवढेच.

पिथमपूरचा धडा

या सगळ्या इतिहासात आम्हाला सर्वात बोलकी वाटते ती गोष्ट आपल्या घरापासून तासाभरावरची आहे. पिथमपूरला आयशरचे ट्रक बनतात हे सर्वांना माहीत आहे. २००८ मध्ये आयशर आणि स्वीडनची व्होल्वो यांची भागीदारी झाली, आणि २०१३ मध्ये तिथे इंजिनाचा नवा कारखाना सुरू झाला. मध्यम ट्रकांची पाच आणि आठ लिटरची इंजिने तिथे बनू लागली. व्होल्वोच्या युरोपातल्या ट्रकांसाठी तिथूनच युरो-६ ची मूळ इंजिने जाऊ लागली.

आता साल लक्षात घ्या. २०१३. त्या वेळी इंदुरात बीएस-३ चालू होते. एकाच छपराखाली, आपल्याच आयटीआयच्या आणि पॉलिटेक्निकच्या मुलांच्या हातून, फ्रान्सला जाणारे इंजिन युरो-६ चे आणि आपल्या रस्त्यासाठीचे त्याहून कितीतरी खालच्या पायरीचे. कारागीर तोच, यंत्रे तीच. फरक होता तो ग्राहकाच्या देशातल्या कायद्याचा आणि पंपावरच्या डिझेलचा. आपल्याकडे हे जमणार नाही, आपले लोक, आपले रस्ते, असे जे नेहमी ऐकू येते त्याला पिथमपूरने परस्पर उत्तर दिलेले आहे. जमत होतेच. मागितले जात नव्हते.

कागद आणि रस्ता

कायद्याची ही सगळी थोरवी सांगितल्यावर त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. परीक्षा ठरावीक असली की विद्यार्थी तेवढाच अभ्यास करतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करत असे, आणि रस्त्यावर पुन्हा मोकळे सोडत असे. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. आपल्याकडेही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या.

आपली चाचणीही सौम्य होती. युरोपच्या चाचणीत गाडी १२० च्या वेगापर्यंत पळवत, आपल्याकडे ९० वर थांबत. म्हणून एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला, त्यात धूर मोजायचे उपकरण गाडीच्या मागे लावून प्रत्यक्ष रस्त्यावर मोजणी होते. शिवाय धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडली तर गाडीनेच ते ओळखून डॅशबोर्डवर दिवा लावायचा. पिथमपूरला याच कामांसाठी 'नॅट्रॅक्स'चे मोठे चाचणी-मैदान आहे. त्याची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली.

पण कारखान्यातून निघाल्यावर गाडी आपल्या ताब्यात येते, आणि तिथे कायद्याचा हात तोकडा पडतो. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूक्ष्म कण तिथे मोजलेच जात नाहीत. ज्या दोन गोष्टींसाठी एवढा खटाटोप झाला त्याच दोन. भरीला, गाडी न आणताच कागद मिळवण्याची आपल्या लोकांची हौस. काही जण तर मायलेज वाढेल या समजुतीने कन्व्हर्टर आणि काजळीचा फिल्टर काढून टाकतात. वीस-तीस वर्षांचा हा सगळा प्रवास गल्लीतल्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात शून्यावर येतो.

नियमांची झळही सारख्या प्रमाणात लागत नाही. कार्ब्युरेटर कानाने ऐकून जुळवणारे जुने मिस्त्री स्कॅनरपुढे हतबल झाले, आणि स्कॅनर विकत घेण्याची सर्वांची ऐपत नव्हती. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपली. कचेऱ्यांच्या आवारात चांगली चालणारी वाहनेही भंगाराच्या वाटेला लागली, हे सरकारी नोकरीत असलेल्यांनी पाहिले आहे. नियम करताना कारागिराच्या शिक्षणाचा आणि जुन्या गाडीवर पोट असलेल्याचा विचार त्याच वेळापत्रकात झाला पाहिजे. माशेलकर समितीने इंधन आणि इंजिन एकत्र बांधले, तसा माणूसही त्यात बांधायला हवा.

पुढचा टप्पा कार्बन डायऑक्साइडचा आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीच्या सर्व कारची मिळून सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आत हवी होती, २०२२ पासून ती ११३ च्या आसपास आली. सरासरी सांभाळायला कंपन्या सीएनजी, हायब्रिड आणि विजेच्या गाड्या पुढे करत आहेत. सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन हेही त्याच आकड्याचे अपत्य. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून गाडीच्या मायलेजची चर्चा प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येते. पुढची गाडी घेताना शोरूमच्या रंगीत पत्रकाबरोबर नियम काय म्हणतो आहे तेही विचारावे, असा आमचा सल्ला आहे.

या चाळीस वर्षांकडे पाहून आम्हाला एवढेच दिसते की जेव्हा आकडा स्पष्ट होता, तारीख पक्की होती आणि ती सर्व देशाला एकच होती, तेव्हा इंजिन सुधारले. बीएस-६ चे असेच झाले. त्या तारखेला इंदूर आणि दिल्ली एका रांगेत उभे राहिले. शिसे आणि बीएस-४ यांच्या वेळी आपल्या शहरांना थांबावे लागले, तशी पाळी पुन्हा येऊ नये यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आपणच बोलले पाहिजे. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला नंबर राखणाऱ्या शहराला हे मागण्याचा हक्क आहे.

उत्सवाच्या दिवसांत मंडळाच्या कामासाठी आपल्या सर्वांच्या गाड्या फिरणारच. विसर्जनाच्या आधी ज्यांच्या गाडीचा पीयूसी संपला असेल त्यांनी तो गाडी घेऊन जाऊन करून घ्यावा, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला असेल तर त्यावर चिकटपट्टी न लावता गॅरेज गाठावे, ही सर्व सभासदांना विनंती.